नागवेलीवरच्या साड्या

दिवाळी सरली की देवासच्या आमच्या कॉलनीत सगळे अंगणाच्या मागं लागतात. पावसाळ्यात माजलेलं गाजरगवत उपटायचं, वाफे खणायचे, गुलाब छाटायचे, पानं गोळा करून कोपऱ्यात पेटवायची आणि मग कंबर धरून कण्हत बसायचं. माझी बायको यातलं फारसं काही करायची नाही. बदामाची पडलेली पानं ती पायानंच सरकवत झाडांच्या बुंध्याशी नेऊन सोडायची. गवत बी धरण्याआधी, जमीन ओली असतानाच, सकाळचा चहा पिता पिता थोडं थोडं उपटायची, म्हणजे नंतर खुरपं घेऊन बसावं लागत नसे. थंडीत कुंड्या उचलून आत नेणं तिला मंजूर नव्हतं. त्या आधीपासूनच पश्चिमेच्या भिंतीला लावलेल्या असत, कारण दुपारभर तापलेली ती भिंत दिवस मावळल्यावरही बराच वेळ ऊब देते. खणायचं तर नावच नको. सतवासचा एक शेतकरी माझं जुनं गिऱ्हाईक होता, तो सोयाबीनचा भुसा पोत्यांत भरून पाठवायचा. तो वाफ्यांवर जाड पसरला की तिची थंडीची तयारी संपली.

“शेजारी बघ, कसं लख्ख करून ठेवलंय,” मी म्हणायचो.

“त्यांना दम आहे,” ती म्हणायची. “मला जेवढा दम आहे तेवढंच मी अंगण ठेवते.”

दम नव्हता हे खरंच. लहानपणीच्या कुठल्याशा तापानं तिच्या हृदयाची एक झडप खराब झाली होती. मूल होऊ देऊ नका, असं डॉक्टरांनी लग्नाआधीच सांगितलं होतं. हे माझ्यापासून कुणी लपवलं नव्हतं. उलट, म्हणूनच ती मला मिळाली. धारचं तिचं माहेर म्हणजे संस्थानच्या काळातलं अंमलदारांचं घराणं. घरात तीन पिढ्या शिकलेल्या, बोलणं जुन्या वळणाचं, सणवार काटेकोर. माझे वडील खानदेशातून इथल्या कारखान्यात मशीनवर काम करायला आलेले. मी दहावीत दोनदा आपटलो आणि कारखान्यांचे रिकामे ड्रम विकत घेऊन गावोगाव विकायला लागलो. सरदारपुर, डही, सतवास, जिथं धान्य साठवायला किंवा पाणी भरायला ड्रम लागतो तिथं मी गेलो. बोलून, भांडून, उठून चालायला लागून आणि परत बोलावलं की हसून मी धंदा उभा केला. निरोगी मुलीसाठी त्या घरानं माझ्याकडं बघितलंही नसतं. लग्नानंतर धारच्या एका कार्यात कुणीतरी दबक्या आवाजात विचारलं, “हे कोण?” आणि तितक्याच दबक्या आवाजात उत्तर आलं, “ड्रमवाले जावई.” माझे कान तिखट आहेत.

रात्री मी तणतणलो तेव्हा बायको म्हणाली, “मग काय चूक बोलले? ड्रमच विकता ना?”

“विकतो. चोरत नाही.”

“आणि मी स्वस्तात पडले म्हणून मिरवता ते?”

बाजारात मी कुणाला बोलू देत नसे आणि घरात मला कुणी बोलू देत नसे.

त्या घरातला एक रिवाज इथं सांगायला हवा. लेकीला मूल होईपर्यंत आईवडील तिच्या घरी अन्नपाणी घेत नाहीत, तिच्याकडचं वस्त्र घेत नाहीत. बऱ्याच जुन्या घरांत हे होतं, आता सैल झालं आहे. धारला सैल झालं नव्हतं. त्यांच्या लेकीला मूल होणार नाही हे तर त्यांना सगळ्यांच्या आधी ठाऊक होतं! म्हणजे माझ्या घरचा घास ते मरेपर्यंत खाणार नाहीत हे लग्नाच्या दिवशीच ठरलेलं होतं. माझ्या डोक्यात हा खिळा तेव्हापासून ठोकलेला आहे.

सासूबाई मात्र यायच्या. स्वतःचं पाणी फिरकीच्या तांब्यात घेऊन यायच्या, अंगणात खुर्ची टाकून बसायच्या, लेकीशी बोलायच्या आणि उपाशीच परत जायच्या. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात त्यांनी धारच्या अंगणातल्या नागवेलीची एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली. न्हाणीच्या बाहेर, पश्चिमेच्या भिंतीशी, जिथं उन्हाळ्यात कडुनिंबाची सावली पडते तिथं त्यांनी ती स्वतःच्या हातानं लावली. पुढच्या वर्षी आल्या तेव्हा वेल खिडकीपर्यंत चढली होती. सासूबाईंनी एक पान खुडलं, पिशवीतून आपला चुना, आपला कात, आपली सुपारी काढली, विडा केला आणि तोंडात घातला.

मी दारात उभा होतो. मला म्हणाल्या, “बघता काय जावईबुवा? वेल माझी आहे. माझ्या वेलीचं पान मी खाल्लं तर रिवाज कुठं मोडतो?”

त्या गेल्यावर मी पेटलोच. “भिंत माझी, माती माझी, पाणी माझं, आणि वेल म्हणे यांची!”

बायको हसत होती. “अहो, तिला इथं काहीतरी खायचं होतं. तिनं वाट काढली. तुम्ही बाजारात करता तेच तिनं केलं.”

मला ते समजलं नव्हतं असं नाही. पण समजून राग जात असता तर आणखी काय हवं होतं?

नागवेल ही मुळात दमट, उबदार मुलखाची. माळव्याची थंडी तिला सोसत नाही. पौषात एखादी लाट आली की पानं आधी काचेसारखी होतात, मग काळी पडून लोंबतात, आणि मूळ गारठलं तर वेल गेलीच. अंगणातल्या दुसऱ्या कुठल्या झाडासाठी बायको फार हलायची नाही, पण या वेलीसाठी तिनं आपल्या पद्धतीनं डोकं चालवलं. माझ्या गोदामातले दोन ड्रम मागून घेतले, त्यांना काळा रंग दिला आणि वेलीच्या दोन बाजूंना उभे करून पाण्यानं भरले.

“हे दुपारभर ऊन पितात आणि अंधारात हळूहळू सोडतात,” ती म्हणाली. “मला शेकोटी करायला नको, उठायला नको. तुमचे ड्रम राखण करतील. ड्रमवाल्याशी लग्न केलं त्याचा काही उपयोग नको का?”

वरून झाकायला साड्या होत्या. भिंतीतल्या खिळ्यांपासून ड्रमपर्यंत तिरप्या ताणलेल्या सुती साड्या, दिवस मावळताना घालायच्या आणि ऊन आलं की काढायच्या. या साड्या कोऱ्या होत्या. कुणी कधी नेसलेल्या नव्हत्या.

दर वर्षी भाऊबीजेला तिचा थोरला भाऊ धारहून यायचा. आईवडिलांचा रिवाज भावाला लागू नव्हता, भाऊबीजेला बहिणीकडं जेवायचंच असतं. तो कॉलेजात शिकवायचा, मोजकं बोलायचा, जेवण झालं की हात पुसता पुसता घड्याळ बघायचा. निघताना बायको त्याच्या पिशवीत आईसाठी एक साडी ठेवायची. डहीकडं फेरी झाली की येताना मी बाग गावात थांबून ती घ्यायचो. ठशांची छपाई, गडद लाल आणि काळा रंग, कापड असं की धुतल्यावर आणखी मऊ होतं. तिथल्या कारागिरांशी मी तासतासभर हुज्जत घालायचो, पण कापड सगळ्यांत उत्तम तेच उचलायचो. आणि काही आठवड्यांनी, बरोबर थंडीच्या तोंडावर, ती साडी कुणाबरोबर तरी परत यायची. तीच घडी, तीच पिशवी. निरोप ठरलेला: आई म्हणाल्या, लेकीच्या घरचं वस्त्र नको.

“या वर्षी पाठवू नकोस,” मी दर वर्षी म्हणायचो.

“एखाद्या वर्षी ठेवून घेईल,” ती म्हणायची.

“अगं, फोन करून विचार तरी.”

“काय विचारू? का नको म्हणून? तिला कशाला अवघडात घालायचं?”

आणि ती साडीची घडी मोडायची, एक काठ खिळ्याला बांधायची, म्हणायची, “तिला नाही तर तिच्या वेलीला.” मला ते बघवायचं नाही. नव्या साडीच्या त्या दिवशी मी गोदामात निघून जायचो आणि हमालांवर ओरडायचो.

मध्ये सासरे वारले. मग धारचं घर पाडून बिल्डरला दिलं, तिथं तीन मजले उठले, अंगणाचं पार्किंग झालं. तिथली नागवेल त्या फरशीखाली गेली. सासूबाई आता दुसऱ्या मजल्यावर मुलाकडं असतात. गुडघे संपलेत, नजर अंधूक झालीय, जिना उतरणं बंद. त्यांचं देवासला येणंही थांबलं.

या वर्षी श्रावणात माझी बायको गेली. सकाळी चहा घेऊन अंगणात बसली होती. इंदूरच्या दवाखान्यात नेलं, तिथून परत आणलं ते तसं. सगळे निघून गेल्यावर मी अंगणात गेलो तर ओट्याच्या कडेला तिनं उपटलेल्या गवताची मूठ पडली होती. मुळांची माती वाळून पांढरी झाली होती. मी ती तिथंच राहू दिली.

घरात दिवाळी नव्हतीच. भाऊबीजेच्या दिवशी मी अंगणात होतो. गाजरगवत पुरुषभर वाढलेलं, बदामाची पानं सगळीकडं. मोटारींचं दुकान असलेला शेजारी भिंतीवरून डोकावून म्हणाला, “भिया, मेरा माली भेज दूँ? एक दिन में मैदान कर देगा.” मी म्हणालो, “मैदानच करायचं असतं तर फरशी नसती बसवली?” तो मराठी समजतो, बोलत नाही. मान हलवून गेला.

मी तिच्या पद्धतीनं कामाला लागलो होतो. पानं पायानं सरकवत होतो, भुशाची पोती आली होती, ड्रममधलं शेवाळलेलं पाणी काढून नवं भरलं होतं. माळ्यावरचं साड्यांचं गाठोडं उन्हात टाकायला ओट्यावर आणून ठेवलं होतं, सोडलं नव्हतं. तेवढ्यात फाटक वाजलं. मेहुणा उभा होता.

ओवाळायला कुणी नाही हे त्यालाही माहीत होतं, मलाही. तो चपला काढून ओट्यावर बसला. मी चहा केला.

मग तो म्हणाला, “आईनं पाठवलंय.”

“काय परत पाठवलंय?” मी म्हणालो.

त्यानं ते गिळलं. “तिला नागवेलीची फांदी हवी आहे. गॅलरीत कुंडीत लावायची म्हणते. तिच्या आईकडून आलेली वेल होती ती. आता फक्त तुमच्याकडं आहे.”

आयुष्यात पहिल्यांदा धारहून कुणी माझ्या दारात मागायला आलं होतं. हा क्षण मी मनात कितीदा रंगवला होता, त्यात मी काय काय बोलायचो! पण ज्या माणसाला तो दाखवायचा होता ते माणूस घरात नव्हतं.

“आत्ता फांदी नेली तर गारठून मरेल,” मी म्हणालो. “वेलीनं ही थंडी काढली तर फाल्गुनात देईन. आणि इथं फुकट काही मिळत नाही, दादा.”

“काय द्यायचं?”

“हात. बाह्या वर करा. मला गुडघ्यानं खाली बसता येत नाही.”

त्याला राग येईल असं वाटलं होतं. त्यानं मनगटावरचं घड्याळ काढून खिशात ठेवलं आणि उतरला. काम त्यानं बरं केलं. भुसा कुठवर पसरायचा ते विचारत होता, वेलीच्या खोडापासून वीतभर मोकळं ठेवा म्हटलं तर तसं ठेवत होता. एकदा म्हणाला, “ती एवढं सगळं एकटी करायची?”

“एवढं नाही. थोडं करायची. तीच तर तिची हुशारी.”

तो हसला. क्षणभर हा माणूस मला बरा वाटला, ते मी कबूल करतो. मग मी म्हणालो, “ते गाठोडं सोडा आणि दोरीवर घाला. वेलीची पांघरुणं आहेत.”

त्यानं गाठ सोडली. वरची साडी उचलली, पसरली आणि तशीच धरून उभा राहिला. मग खालची बघितली, त्याखालची बघितली. कडा उन्हानं विटल्या होत्या, दवाचे डाग होते, पण छपाई कळत होती.

“या त्याच का?”

“त्याच. तुमच्या आईनं परत धाडलेल्या.”

तो ओट्यावर बसला. साडी मांडीवर होती.

“आईनं नाही,” तो म्हणाला.

“मग कुणी?”

“पहिली आणली तेव्हा बाबा होते. ते म्हणाले, हिला दाखवू नकोस, तशीच परत कर. मी केली. नंतर बाबा गेले, पण मी तसंच करत राहिलो. आईनं यातली एकही पाहिलेली नाही.”

“बाबा गेल्यावर का नाही विचारलंत तिला?”

त्यानं जे उत्तर दिलं ते माझ्या कानातून अजून जात नाही. “मला वाटलं, विचारलं तर ती ठेवून घेईल.”

मी काय काय बोललो ते सगळं लिहिण्यासारखं नाही. ज्याला आयुष्यभर अहोजाहो केलं त्याला मी अरेतुरे केलं. माझी बायको दर वर्षी एक साडी पाठवायची आणि दर वर्षी आईनं नाकारली म्हणून गप्प बसायची. ती तसंच समजून गेली. तिला खरं सांगायला आता कुणाला पाठवू? “निघ,” मी ओरडलो, “वेल नाही, पान नाही, काही मिळायचं नाही. निघ इथून!”

भिंतीवर शेजाऱ्याचं डोकं आलं. “क्या हुआ भिया?”

“कुछ नहीं,” मी म्हणालो. “सौदा टूट गया.”

मेहुण्यानं साडी पुन्हा दुमडली. गाठोड्यावर ठेवली आणि गेला. घड्याळ त्याच्या खिशातच राहिलं असणार, मनगट मोकळं होतं.

त्यानंतर मी अंगणाकडं पाहिलं नाही. गाठोडं ओट्याच्या कोपऱ्यात ढकललं. पौष लागला, धुकं पडायला लागलं. एक दिवस संध्याकाळी शेजारी पुन्हा डोकावला. “भिया, आज शीतलहर है. पौधे ढाँक लेना.”

मी ओट्यावर बसून राहिलो. ऊन गेलं होतं, हवा पातळ आणि स्वच्छ झाली होती, असली हवा वाईट. समोर वेल होती, भिंतीवर खिडकीच्या वरपर्यंत चढलेली. माझ्या मनात आलं ते असं: काही करायचं नाही. नुसतं बसून राहायचं. सकाळपर्यंत वेल काळी पडेल आणि धारला निरोप जाईल की थंडीनं गेली. कुणी मला बोल लावू शकणार नाही. एवढ्या कमी कष्टात एवढा मोठा हिशेब चुकता होण्यासारखा धंदा मी आयुष्यात केला नव्हता.

मग वाटलं, आधी ती गाठोड्यातली चिंधी पेटवू. निदान शेकायला होईल. मी सगळ्यांत वरची साडी ओढली, झटकली आणि माझ्या बोटात काहीतरी अडकलं.

काठाला नाडीचं वळं शिवलेलं होतं. हातभर अंतरावर दुसरं. पुढं तिसरं. मी साडी उलटी केली, दुसऱ्या काठालाही तशीच वळी. दुसरी साडी उघडली, तिलाही. सगळ्या साड्यांना होती. पेटीकोटाच्या जुन्या नाड्या कापून, मशीनवर दोनदा टीप घालून घट्ट बसवलेली.

साड्या ताणणं दोन माणसांचं काम होतं. एकानं खिळ्यापाशी धरायचं, दुसऱ्यानं ड्रमला बांधायचं. मागच्या थंडीत मी बांधत होतो आणि ती स्टुलावर बसून टोक धरत होती. उन्हाळ्यात तिचं मशीन दुपारभर चालायचं. मी विचारलं होतं, “काय शिवतेस?” म्हणाली होती, “थंडीचं काम आहे. आत्ताच करून ठेवलं की बरं.” माळ्यावरून गाठोडं मी काढलं होतं, पण उघडलं होतं मेहुण्यानं. तो छपाई बघत होता, मी त्याला बघत होतो. नाड्या दोघांनाही दिसल्या नव्हत्या.

मी उठलो. भिंतीचे खिळे हात वर केला की पोचेल एवढ्या उंचीवर होते, वर चढायची गरज नव्हती. एक वळं खिळ्यात अडकवलं, दुसरं, तिसरं. मग दुसरा काठ ओढत ड्रमपर्यंत नेला आणि वळी ड्रमच्या झाकणाच्या खटक्यांत अडकवली. गाठ मारायची नाही, वाकायचं नाही, कुणी पलीकडून धरायचं नाही. एकट्या माणसाचं काम. चहा गार होण्याच्या आत सगळी वेल झाकून झाली. ड्रमला हात लावला तर तो अजून कोमट होता. तिथंच ड्रमला टेकून मी रडलो. शेजारी भिंतीपाशी आला होता बहुतेक, पण त्यानं डोकं वर काढलं नाही. भला माणूस आहे.

वेल थंडीतून तरली. कडेची काही पानं गेली, बाकी तशीच राहिली. संक्रांतीनंतर ऊन चढायला लागलं तेव्हा मी तिची आणखी एक युक्ती केली. फांदी कापायची नाहीच. खाली लोंबणारी एक फांदी रंगाच्या रिकाम्या डब्यातल्या मातीवर आडवी ठेवायची, पेरावर एक दगड ठेवायचा आणि पाणी घालत विसरून जायचं. मुळं ती आपली आपण धरते. नवं पान फुटल्यावर ती फांदी वेलीपासून तोडली.

फाल्गुनात मी डबा घेऊन धारला निघालो. मेहुण्याला कळवलं नव्हतं. माझी गाडी म्हणजे माल वाहायची उघडी पिकअप. समोरच्या सीटवर डबा ठेवला, तरी खिडकीतून वारा येत होता, म्हणून कोवळ्या वेलीला भोवतीनं एक साडी गुंडाळली. वर सासूबाईंना काय सांगायचं हे मी वाटेत वीस प्रकारे ठरवलं. बहुतेक प्रकारांत मेहुण्याचं काही शिल्लक राहत नव्हतं.

दार त्यानंच उघडलं. मला बघून बाजूला झाला. सासूबाई गॅलरीत जाळीपाशी खुर्चीवर होत्या. लेक गेल्यापासून मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो. खुर्ची त्यांना मोठी होत होती.

“कोण? जावईबुवा?”

“हो. वेल आणली.”

मी डबा त्यांच्या मांडीजवळच्या स्टुलावर ठेवला. त्यांचे हात वेलीकडं गेले आणि मध्येच साडीवर थांबले. त्या कापड बोटांत घेऊन चोळत राहिल्या.

“ही कुणाची? तिची?”

“तुमची.”

“माझ्याकडं असली कुठली?”

मेहुणा पाण्याचा पेला घेऊन दारात उभा होता. सगळा सौदा माझ्या हातात होता, असा भाव मला पुन्हा कधी मिळणार नव्हता. मी त्याच्याकडं बघितलं. केस किती पांढरे झाले होते त्याचे. आणि डोळे, काय करू, डोळे अगदी तिच्यासारखे होते, ते मी आजवर कधी बघितलं नव्हतं.

“तिनं तुमच्यासाठी घेतली होती,” मी म्हणालो. “भाऊबीजेला पाठवायची म्हणून. पोचली नाही.”

“पाठवायची होती तिला?” त्या म्हणाल्या. त्यांची बोटं कापडावर थांबली. मग म्हणाल्या, “मला वाटायचं, तिच्या मनातच येत नसेल. म्हटलं, आपणच शिकवलंय, लेकीच्या घरचं घेत नाही म्हणून. आपणच मग मनाला कशाला लावून घ्यायचं?”

त्यांनी साडी वेलीभोवतून हळूहळू सोडवली. बोटं काठावरून फिरत गेली आणि वळ्यांपाशी अडली.

“या नाड्या कसल्या?”

“थंडीत वेलीवर अडकवायला. तिनं शिवल्या.”

“हो. टीप तिचीच आहे. दोनदा घालते.” त्यांनी साडी उघडली, मातीचे डाग, विटलेले पट्टे, सगळ्यासकट, आणि खांद्यांवरून घेतली. “रंग चांगला निवडला पोरीनं.”

रंग मी निवडला होता.

मेहुण्यानं पेला खाली ठेवला. “आई, ती साडी...” तो म्हणाला आणि थांबला. सासूबाईंनी त्याच्याकडं मान वळवली, वाट पाहिली, मग पुन्हा वेलीकडं वळल्या. चाचपत चाचपत त्यांनी नवं पान शोधलं. अजून पुरतं उलगडलं नव्हतं ते.

“जावईबुवा, ही वेल आता कुणाची?”

“तुमचीच. तुम्हीच लावलेली.”

“नाही,” त्या म्हणाल्या. “माझी त्या फरशीखाली गेली. ही तुमची. तुमच्या घरचं पान खाल्लं तर चालेल ना मला?”

आयुष्यभर ज्या वाक्यासाठी मी भांडलो ते ऐकायला मी एकटाच आलो होतो. मी मान हलवली, पण त्यांना ती दिसली नसणार. म्हणून पान मीच खुडलं आणि त्यांच्या हातात दिलं.

चुना नाही, कात नाही, सुपारी नाही. त्यांनी ते कोवळं पान नुसतंच तोंडात घातलं आणि हळूहळू चावत राहिल्या. गॅलरीत ऊन चांगलंच तापलं होतं. मेहुणा म्हणाला, “आई, उकडेल, ती काढ.” त्यांनी साडी काढली नाही.